उज्ज्वलाताईंची चौकशी

उज्ज्वलाताई टेंभेकर यांनी मला पाहण्याआधीच माझी पुरती माहिती काढलेली होती. मी तेव्हा अमेरिकेत, अर्विंग गावात एका कंपनीत डेटाचं काम करत होतो. ताई ज्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात काम करत, त्या संघाला खेळाडूंच्या आकडेवारीचा अभ्यास करणारा माणूस हवा आहे असं कळलं आणि मी अर्ज केला. ओळखीदाखल दोन प्राध्यापकांची नावं दिली होती. ताईंनी त्या दोघांना फोनच केला नाही. त्यांनी गाठलं माझ्या जुन्या रूममेटला. तो बिचारा हादरून मला सांगत होता, "यार, कोणीतरी मराठी मॅडम होत्या. तू भांडी घासायचास का, गेम हरल्यावर चिडचिड करायचास का, सगळं विचारलं. इतक्या गोड बोलत होत्या की मी खरं सांगून टाकलं. सॉरी!"

नोकरी गेलीच असं मी धरून चाललो, कारण खरं काय ते मला माहीत होतं. पण बोलावणं आलं. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "भांडी घासत नव्हतास. पण रूममेटला ताप होता तेव्हा परीक्षा संपल्यावर पार्टीला न जाता घरी आलास. मला तेवढं पुरे आहे. मात्र इथल्या सिंकमध्ये कप ठेवून गेलास तर बघ." मी त्यांचा शिष्य झालो तो त्या क्षणापासून, आणि कप मी आजतागायत विसळून ठेवतो.

ताईंच्या एकसष्टीनिमित्त आपलं इथलं मराठी मंडळ हा गौरवग्रंथ काढत आहे. त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस म्हणून चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला. संघाचं नाव मी इथे देत नाही, कारण आमच्या नोकरीच्या करारात तशी अट आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि आपल्या मंडळात ते सगळ्यांनाच माहीत आहे.

ताई मूळच्या अमरावतीच्या. यजमानांच्या नोकरीमुळे अमेरिकेत आल्या, कॉम्प्युटरचं शिकल्या आणि या संघात खेळाडूंच्या माहितीची विस्कटलेली सिस्टिम नीट लावण्यासाठी म्हणून लागल्या. ती माहिती बघून त्या चक्रावल्या. मुलाची उंची, वजन, धावण्याचा वेग, एवढंच काय, पंजाची रुंदीसुद्धा लिहिलेली. पण मुलगा कसा आहे याबद्दल कुठे एक ओळ असेल तर शपथ! आमचे जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे मॅक म्हणतात, त्यांना ताई सरळ म्हणाल्या, "आमच्याकडे लग्नासाठी मुलगा बघायला जाणारेसुद्धा याहून जास्त विचारतात." मॅक खो खो हसले. पण संघ वर्षानुवर्षं तळाला होता आणि हसण्याखेरीज त्यांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. "मग जा आणि विचार," ते म्हणाले.

ताईंच्या आई अमरावतीत साऱ्या आळीची लग्नं जमवत. त्यांची रीत अशी की मुलाच्या घरी नुसता चहा प्यायचा आणि खरी माहिती काढायची ती किराणावाल्याकडून, शिंप्याकडून, शेजारणीकडून. ताईंनी तीच रीत इथे चालवली. त्या कॉलेजच्या गावात जात, प्रशिक्षकांना नमस्कार करत आणि मग दिवसभर भटकत. कॅन्टीनमधली बाई, वसतिगृहाचा रखवालदार, कपडे धुण्याच्या दुकानातला माणूस. परत आल्या की मला सांगत, "याला घेऊ नका, हा आईशी फोनवर ओरडून बोलतो," किंवा "हा चांगला आहे, बाकावर बसवलं तरी दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवतो." मी हे सगळं माझ्या आकडेवारीत बसवायचा प्रयत्न करी आणि हात टेकी. पण ताईंनी निवडलेली मुलं टिकत गेली. त्यांच्यात भांडणं झाली नाहीत आणि हळूहळू आमच्याकडे संघ म्हणावा असं काहीतरी दिसू लागलं.

ताईंच्या या शोधक स्वभावाचा मला स्वतःला किती आधार झाला, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझे वडील नागपुरात अचानक दवाखान्यात दाखल झाले. आई एकटी आणि मी इथे तिकीट शोधत बसलेला. ताईंनी मला फक्त दवाखान्याचं नाव विचारलं. मी विमानात बसण्याआधीच आईचा फोन आला, "अरे, कुणी देशमुख म्हणून बाई डबा घेऊन आल्यात. कोण आहेत या?" ताईंच्या वर्गमैत्रिणीची नणंद होती ती. बाबा घरी येईपर्यंत रोज डबा आला. ते घरी आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, पण खरं तर तो त्या पहिल्या डब्याच्या वेळीच निम्मा पडला होता.

आता डॅरेलची गोष्ट. ताईंनी काय उभं केलं हे सांगायला तिच्याहून चांगली दुसरी नाही.

आपल्यातले बरेच जण हा खेळ वर्षातून एकदा, अंतिम सामन्याच्या पार्टीपुरता बघतात, म्हणून थोडं सांगतो. प्रत्येक डाव सुरू होतो तो सेंटर नावाच्या धिप्पाड खेळाडूपासून. तो वाकून चेंडू पायांमधून मागे देतो. मागे क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार, उभा असतो. त्याची हाक ऐकून अचूक क्षणी चेंडू सोडायचा असतो. क्षणभर इकडेतिकडे झालं की सगळं मुसळ केरात. त्या वर्षी आम्हाला सेंटर हवा होता. दर वसंतात सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजची मुलं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. माझ्या आकडेवारीत डॅरेल सगळ्यांच्या वर होता. पण त्याला बघून आलेल्या प्रत्येकाचं मत एकच: मुलगा शिष्ट आहे, बोलावलं तर बघतही नाही. मॅकनी त्याचं नाव खोडलं.

"मी एकदा जाऊन येते," ताई म्हणाल्या.

त्या गावात जाऊन ताई बसल्या न्हाव्याच्या दुकानात. डॅरेलचे केस तोच कापायचा. "शिष्ट? छे हो, मॅडम," तो म्हणाला. "उजव्या बाजूला मशीन चालवताना गप्पांना नुसता ऊत येतो. डाव्या बाजूला गेलो की मात्र एक शब्द बोलत नाही. आधी मलाही राग यायचा."

ताई त्याच दिवशी डॅरेलला भेटल्या. बाकावर त्याच्या डावीकडे बसल्या आणि हळूच काहीतरी विचारलं. तो समोर बघत राहिला. मग त्या उठून उजवीकडे बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, किती वर्षं लपवतोयस?" लहानपणी तापात त्याचा डावा कान गेला होता. आईने तेव्हापासून बजावलं होतं, कुणाला कळता कामा नये. कळलं तर खेळ संपला, आणि त्या घराची सगळी आशा त्या खेळावर होती.

परत आल्यावर ताईंनी हे मला सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलोच. "ताई, मॅकला सांगून टाका ना! नाहीतर आपण दोघंही जॉबवरून जाऊ."

"ते मी नाही सांगायचं," ताई म्हणाल्या. "मी त्याला सांगून आलेय, तू स्वतः येऊन सांग, मी शेजारी बसेन. नाही सांगितलंस तर तुझ्या कानाचं मी कुणाला सांगणार नाही, पण तुझं नावही सुचवणार नाही."

हा हट्ट कुठून आला, तेही मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मावसबहिणीचं लग्न नवऱ्याचं दुखणं लपवून लावलं होतं. "दुखण्याशी तिने संसार केला असता रे. पण सगळ्या घराने मिळून फसवलं, ते तिला शेवटपर्यंत पचवता आलं नाही. आणि तो नवरासुद्धा जन्मभर चोरासारखा वावरला."

पुढचा आठवडा वाईट गेला. डॅरेलची आई ताईंना फोनवर नको नको ते बोलली. माझ्या मुलाच्या तोंडचा घास काढता, असं म्हणाली. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. ताईंना मी घाबरलेलं पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी डॅरेल आला. ताई त्याच्या उजवीकडे बसल्या. त्याने मॅकना सगळं सांगितलं, अगदी खाली मान घालून. मॅक ताईंकडे वळले, "तुला माहीत होतं?"

"हो. आठवडा झाला."

"तू पगार माझा घेतेस!"

"म्हणूनच त्याला इथवर आणलं," ताई म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर तुम्हाला फक्त कान कळला असता, मुलगा नाही."

मॅकनी संघाच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तपासून खेळायला हरकत नाही असं सांगितलं आणि मॅकनी डॅरेलला घेतलं. पण जाता जाता ताईंना म्हणाले, "हा तुझ्या नावावर. बिघडलं तर तुझंही टेबल आवर."

बिघडलंच, निदान सुरुवातीला. व्यावसायिक सामन्यांच्या गोंगाटात एका कानावर भागणार नव्हतं, म्हणून ऐकण्याऐवजी खुणेवर खेळायचं ठरलं. डॅरेलच्या उजवीकडच्या खेळाडूने मागे वळून क्वार्टरबॅककडे बघायचं, त्याची खूण मिळाली की डॅरेलच्या मांडीवर थाप मारायची आणि डॅरेलने चेंडू सोडायचा. सांगायला सोपं. पहिल्या मोसमात चेंडू कधी आधी सुटला, कधी उशिरा. रेडिओवर थट्टा झाली. मी मनातल्या मनात सामान बांधलं, बायकोने प्रत्यक्षात चार खोकी आणून ठेवली. ताई मात्र दर सरावाला मैदानाच्या कडेला उभ्या असत. ही थाप एकाच खेळाडूला येऊन भागणार नाही, राखीव पोरांनासुद्धा यायला हवी, हा आग्रह त्यांचा. प्रशिक्षक वैतागत, पण शिकवत. त्यातून एक झालं, जे कुणी योजलं नव्हतं. एकाने आपलं वैगुण्य उघड सांगितल्यावर बाकीची पोरंही बोलू लागली. कुणी दुखरा खांदा लपवत होता, कुणाला डावपेचांची वही वाचताना अक्षरं नाचताना दिसत होती. जे कळलं त्यावर उपाय निघाले. दुसऱ्या मोसमात आम्ही जिंकू लागलो आणि तिसऱ्यात थेट अंतिम सामन्यात पोहोचलो.

त्या सामन्याची शेवटची मिनिटं मला अजूनही जशीच्या तशी आठवतात. आम्ही थोडक्यात मागे होतो आणि चेंडू पलीकडे नेला की जिंकलो अशी शेवटची रेषा एका यार्डावर, म्हणजे जेमतेम तीन फुटांवर होती. समोरच्या संघाचे पाठीराखे असे किंचाळत होते की शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं. तेवढ्यात डॅरेलच्या उजवीकडचा खेळाडू पाय मुरगळून कोसळला. त्याला उचलून नेलं आणि त्याच्या जागी एक राखीव पोरगा धावत आला. ताईंनी डोळे मिटले आणि माझा दंड घट्ट धरला. "मला बघवत नाही. तू सांग."

मी सांगत गेलो. पोरगा वाकला. मागे बघितलं. ताई, थाप मारली! चेंडू गेला, वेळेवर गेला, क्वार्टरबॅकने पोरांच्या ढिगावरून उडी घेतली...

"पुढे?" ताई ओरडल्या. "अरे, पुढे?"

गुण मिळाल्याची खूण म्हणून पंचांचे दोन्ही हात वर गेले होते. मी नुसता रडत होतो. ताईंनी डोळे उघडले, मैदानाकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "सुटले रे बाबा," एवढंच म्हणाल्या. चषक जिंकल्याचा आनंद नंतर झाला. आधी आली ती सुटका.

आम्ही खाली मैदानात उतरलो तेव्हा गर्दीतून एक उंच बाई आमच्याकडे येताना दिसल्या. डॅरेलची आई. त्या फोननंतर दोघी कधी बोलल्या नव्हत्या. ताई थोड्या सावरून उभ्या राहिल्या. त्या बाईंनी सामन्याचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "घरी जेवताना मी त्याला कायम टेबलाच्या डाव्या टोकाला बसवायची. सगळे त्याच्या उजवीकडे असावेत, कुणाला कळू नये म्हणून. गेल्या सुट्टीत आला आणि सरळ मधल्या खुर्चीवर बसला. दोन्हीकडून माणसं बोलत होती. ऐकू आलं नाही की म्हणायचा, पुन्हा सांग. आणि हसायचा. इतक्या वर्षांत मी त्याला जेवताना हसताना बघितलं नव्हतं." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मी, मूळचाच रडका, त्यांच्यात सामील झालो.

उज्ज्वलाताई, तुम्ही आता काम कमी करणार असं म्हणता. करा. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी किती मोठा श्वास सोडला ते तुम्हाला माहीत नाही. प्रकृतीला जपा, औषधं चुकवू नका. भरपूर वर्षं ठणठणीत राहा, यजमानांबरोबर मनसोक्त हिंडा. आणि येता जाता आमच्या दारात थांबून विचारत राहा, कसं चाललंय म्हणून. आम्ही खरं सांगू.