पंचफुलाने हात उचलले

पंचफुला मालिशवाली पुरुषांच्या अंगाला हात लावत नसे. पण सिंदी रेल्वे गावच्या कापूसव्यापारी वासुदेवरावांची पाठ धरली, असा त्यांच्या सुनेचा, दामिनीचा, फोन आला तेव्हा ती लगेच म्हणाली, "येतो मी."

या पाठीची ती अकरा वर्षं वाट पाहत होती.

तेव्हा ती त्याच गावात राहायची. वासुदेवरावांच्या बायकोचे, मंदाबाईंचे, गुडघे चोळायला जायची. एका दुपारी मंदाबाई न्हाणीत असताना वासुदेवरावाने खोलीची आतून कडी लावली आणि तिचं मनगट धरलं. ती ओरडून सुटली. संध्याकाळपर्यंत कापसाच्या बाजारात त्यानेच सांगून टाकलं, की ही बाई मालिशच्या नावाखाली भलतंच करते. महिन्याभरात गावातली सगळी घरं तिला बंद झाली.

ती गाव सोडून दुसरीकडे, सिंदी मेघेत आली. तिथल्या रीताबाईंकडे मालिश रीतसर शिकली. रीताबाईंचे नियम तीनच. दार उघडं ठेवायचं. हात लावण्याआधी विचारायचं. आणि हातात राग उतरला तर हात उचलायचे, का उचलले ते खरं सांगायचं. हा तिसरा नियम तिला कधी लागला नव्हता.

वासुदेवराव बैठकीत पालथे पडले होते. दाराबाहेर पायरीवर कापूसवाले शेतकरी बसलेले. कोपऱ्यात मंदाबाई. तिने पंचफुलाला ओळखलं आणि खाली बघितलं.

"दामिनी, दार लाव. लोकं पाहून राह्यले," वासुदेवराव म्हणाले.

"दार उघडंच राहीन," पंचफुला म्हणाली. "हात लावू काय, शेठजी?"

"लाव ना! विचारतं काऊन?"

"हो म्हणा शेठ, नाईतर बाई कोर्टात नेईन तुमाले," पायरीवरून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

तिच्या तळव्याखाली पाठ एकदम ताठ झाली. त्याने आवाज ओळखला होता.

कण्याशेजारी एक जागा असते. तिथं जास्त दाबलं तर माणूस महिनाभर उठत नाही. अंगठा तिथं येऊन थांबला. थोडा रुतला. वासुदेवराव कण्हले. अजून एवढंसं, बस. पण मग मालिशच्या नावाखाली भलतंच करते, हे त्याने पसरवलेलं खरं होणार होतं, आणि तेही तिच्याच हाताने.

तिने हात उचलले.

"काय झालं, मावशी?" दामिनीने विचारलं.

"माह्या हातात राग आला. असा हात मी कोणाले लावत नाई. गिरडच्या तानबाले बोलाव. चांगला हात हाय त्याचा."

"मामाजीवर राग? काऊन?" दामिनीने सासऱ्यांकडे बघत विचारलं.

"सांगू नोको," वासुदेवराव उशीत म्हणाले.

"सांगा लागते."

आणि तिने सांगितलं. कडी, मनगट, बाजार. आवाज न चढवता, एकही गोष्ट न गाळता. पायरीवरचं हसू विझलं. वासुदेवरावांना उठून जाता येत नव्हतं, कूसही बदलता येत नव्हती. त्यांना शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

मंदाबाई तांब्या घेऊन आली. पंचफुलाच्या तेलकट हातांवर तिने स्वतः पाणी घातलं.

"तानबाले आत्ताच फोन लावू काय, आत्याबाई?" दामिनीने सासूला विचारलं.

"लावजो दोन दिवसांनी," मंदाबाई म्हणाली. "घाई कायची हाय?"