खाणीतला खोकला

माझ्या थोरल्या भावाचा खोकला मी त्याला न विचारता टेप केला आणि लोकांना ऐकवला. चूक माझी एकट्याची होती. कुणी करायला लावली नव्हती, नकळतही झाली नव्हती. आणि ती करताना मला दादाची कीव येत नव्हती, किळस येत होती. हे आधीच सांगतो, कारण हे सोडून बाकीचं सांगितलं तर ते खोटं होईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बंगलोरच्या एका वस्तुसंग्रहालयात तांत्रिक विभागात होतो. दिवे, मोटारी, ध्वनी हे माझं काम. त्या वर्षी तळघरात आम्ही कोळशाची खाण उभी करत होतो. लोखंडी जाळीवर गोणपाट, गोणपाटावर प्लास्टर, त्यावर काळा तेलरंग. तळघरातल्या दमट हवेत तो रंग वाळता वाळेना. भिंतीला हात टेकला की बोटं चिकट व्हायची आणि घरी रॉकेलने पुसावी लागायची. वरच्या मुताऱ्यांचा पाइप त्याच छतातून गेला होता आणि एका सांध्यातून तो थेंबथेंब गळायचा. साहेब म्हणाले, "राहू द्या, खऱ्या खाणीतही पाणी ठिबकतंच." कामगार म्हणून कापड दुकानातले जुने पुतळे आणले होते. त्यांच्या गुलाबी गालांना आम्ही काजळी फासली, हातात फावडी दिली, तरी त्यांचे ओठ समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखे हसतच राहिले.

तळघरात पोचल्यावर खाणीत शिरायला लिफ्ट होती, ती प्रत्यक्षात जागची हलत नसे. दार लावलं की जाळीपलीकडे काळ्या कापडाची गुंडाळी वर सरकायची, जमीन थरथरायची आणि लोकांना आपण पाताळात चाललो असं वाटायचं. मी चंद्रपूरकडच्या कोळसाखाणीच्या वस्तीत वाढलो. वडील खाणीत होते, त्यांच्यामागून दादा उतरला, आणि मी शिकलो. त्या कापडाकडे पाहायला मला नको वाटायचं. पण ती लिफ्ट मीच जुळवली होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

त्याच दिवसांत दादा आणि वहिनी आमच्या बसवनगुडीच्या घरी राहायला आले. फुप्फुसांमुळे खाणीने दादाला कामासाठी अयोग्य ठरवून घरी बसवलं होतं. इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू, असं मीच पत्राने कळवलं होतं. बोलावलं मनापासून. पण माणूस घरात आल्यावर मनाचं काय होतं, ते आधी कळत नाही.

सकाळी दादा मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ बसायचा आणि खोकायचा. खोकला पोटातून सुरू व्हायचा, वर येता येता अडकायचा, मग फाटायचा. शेवटी जे बाहेर पडायचं ते राख घातलेल्या पत्र्याच्या डब्यात. त्यात काळे धागे असायचे. खाण सोडून इतके दिवस झाले तरी काळे. मी एकदा डोकावून पाहिलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जेवणानंतर तो गुळाचा खडा चघळायचा. खाणीतली जुनी सवय, घसा साफ होतो म्हणायचा. गुळाची बोटं नळाला लागायची आणि तो नळ उघडताना मी रुमाल धरायचो. त्याचा टॉवेल मी वेगळ्या दोरीवर टाकू लागलो. डॉक्टरांनी हा लागण होणारा रोग नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. बायको म्हणाली, "तुम्ही न्हाणीघरात किती फिनेल ओतता? त्यांना वासानं जास्त खोकला येतो." मी ओततच राहिलो.

तिकडे खाण पूर्ण झाली. साहेबांनी पहिली फेरी मारली आणि बाहेर येऊन म्हणाले, "सगळं आहे, पण माणूस नाही. भुताटकी वाटते. काहीतरी माणसाचा आवाज घाला. खोकला घाला."

आम्ही कार्यालयातल्या कारकुनाला माइकपुढे बसवलं. तो खोकला की अध्यक्षीय भाषणाआधी घसा साफ केल्यासारखं वाटायचं. सगळे हसले. एकजण म्हणाला, "याला आधी चार विड्या पाजा." मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोक्यात मागचं दार आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी यायचा वार होता. बायको आणि वहिनी पुढच्या अंगणात हंडे भरत होत्या. एरवी वहिनी दादाशेजारी पाण्याचा लोटा ठेवूनच पुढे जायची, त्या दिवशी घाईत राहिला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत टेपरेकॉर्डर घेऊन उभा राहिलो. दादाची माझ्याकडे पाठ होती. खोकला सुरू झाला. मी बटण दाबलं. त्याची पाठ बनियनच्या आत धनुष्यासारखी वाकत होती. त्याचा हात शेजारी चाचपडला, लोटा नव्हता.

"अरे, पाणी," तो म्हणाला. मग पुन्हा, "कोणी हाय का? पाणी."

माठ माझ्या कोपराजवळ होता. पण मी हललो असतो तर भांड्याचा आवाज टेपवर आला असता, आणि पाणी मिळताच खोकला थांबला असता. मला अजून थोडा हवा होता. मी श्वास रोखून उभा राहिलो. माझं सगळं लक्ष त्या लहानशा लाल दिव्याकडे होतं. नाकावर मी रुमाल धरला होता, तेही आठवतं.

कामावर जाऊन मी ते मोठ्या फितीवर घेतलं. दादाचे शब्द, दोन्ही वेळचं 'पाणी' धरून, ब्लेडने कापून काढले आणि टोकं चिकटवली, म्हणजे खोकला संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. कापलेले तुकडे टेबलाखालच्या टोपलीत टाकले. साहेब ऐकून खूश झाले. "कुठून मिळवलात?" मी म्हणालो, "एक निवृत्त कामगार आहे ओळखीचा."

खाण लोकप्रिय झाली. शाळांच्या सहली येऊ लागल्या. मुलं हसऱ्या पुतळ्यांसमोर उभी राहून खोकल्याची नक्कल करायची आणि बाहेर येऊनही खोकत राहायची. कुणी कोपऱ्यात शेंगांची फोलपटं टाकायचं, कुणी पानाची पिंक. एकदा एका मुलाला उलटी झाली, तिचा आंबूस वास त्या प्लास्टरमधून कधी गेलाच नाही. मी रोज सकाळी फीत लावायला खाली जायचो, आणि माझ्या भावाचा खोकला त्या घाणीवर चालू करून वर यायचो.

दादाला हे माझ्या बायकोकडून कळलं. खोकल्याचं नव्हे, खाणीचं.

"तू बंगलोरात खाण बांधली म्हणते बाई," तो म्हणाला. "आणि मले सांगत नाही? कायले लपवून राहिला? मी काय कोळसा चोरून नेईन का?"

मी आज बंद आहे, उद्या गर्दी आहे, असं बरेच दिवस लांबवलं. शेवटी वहिनी म्हणाली, "भाऊजी, गावी जायच्या आधी एकदा दाखवा ना. मीबी कधी खाली उतरली नाही." जन्मभर खाणीच्या वस्तीत राहिलेली बाई. आता नाही कसं म्हणणार? फीत त्या दिवसापुरती काढून ठेवीन असं मी ठरवलं होतं. पण दोघांना घेऊन पोचलो तेव्हा लिफ्टवरच्या अण्णांनी मला मदत म्हणून सगळं आधीच चालू करून ठेवलं होतं.

"स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे," थोडं पुढे व्हा असं कानडीत म्हणत अण्णांनी आम्हाला एका शाळेच्या मुलांबरोबर आत सरकवलं. जमीन थरथरली, कापड सरकलं. दादा माझ्या कानाशी म्हणाला, "हे खाली जाऊन नाही राहिलं रे. तरी छान हाय. भाडं लागत नाही."

तो खूश होता. एका पुतळ्यासमोर थांबून म्हणाला, "हा तर नवरदेव दिसते. याले कोणी कामावर घेतलं?" वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मी त्यांना पुढे नेण्याची घाई करत होतो. वळणापलीकडून खोकला ऐकू आला.

मुलांनी लगेच नक्कल सुरू केली. दादा कान देऊन उभा राहिला. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकून ओळखू येत नाही, हे मला कामामुळे माहीत होतं. त्या क्षणी मी त्याच भरवशावर होतो.

"हा तर लय बिमार हाय बाप्पा," दादा म्हणाला. "याले सुट्टी द्या."

वहिनीचं हसणं मात्र थांबलं होतं. ती स्पीकरकडे पाहत होती. खोकला शेवटाला आला, फाटला, आणि तिचा उजवा हात आपोआप पुढे झाला, लोटा द्यायला व्हावा तसा. खोकला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिने हात पदरात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

बाहेर दादा बाकावर टेकला. मी कॉफी आणायला गेलो तेव्हा वहिनी मागून आली.

"भाऊजी, हा यांचा खोकला आहे."

मी कॉफीचे ग्लास उचलले.

"यानंतर हे पाणी मागतात. नेहमीच मागतात. ते कुठं गेलं?"

"कापलं," मी म्हणालो.

"पाणी दिलं होतं का मग त्यांना?"

मी नकारार्थी मान हलवली. माझ्या हातातला दादाच्या कॉफीचा ग्लास तिने काढून घेतला आणि पदराने त्याची कड पुसली. मी घरी दादाचं भांडं पुसायचो तसंच. मग तो घेऊन त्याच्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी ती फीत काढली आणि पंपाचा आवाज लावला. साहेबांना फीत तुटली म्हणून सांगितलं, म्हणजे आणखी एक खोटं. मला वाटलं, एवढ्यावर मिटलं. मिटलं नव्हतं. न्हाणीघरातल्या फिनेलचा, त्या चिकट रंगाचा, आंबूस तळघराचा असा सगळा वास आता मला माझ्या अंगाला येत होता, आणि तो कितीही साबण लावला तरी जात नव्हता. दादाच्या डब्यात निदान खाणीने घातलेलं तेवढंच होतं; माझी घाण माझीच होती.

वहिनीने दादाला काही सांगितलं नाही. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलायची, वाढायची. निघायच्या दिवशी पहाटे पुन्हा पाण्याचा वार होता. मी उठून स्वयंपाकघरात आलो तर ती हंडा उचलून पुढच्या दाराकडे निघाली होती. दादाचा लोटा तिने ओट्यावर, माठाशेजारी ठेवला होता. रिकामा. माझ्याकडे एकदा पाहून ती बाहेर गेली.

मागे खोकला सुरू झाला. मी लोटा भरला आणि दार उघडून गेलो. खोकला संपेपर्यंत त्याच्याजवळ उकिडवा बसलो. डबा समोर होता. मला अजूनही मळमळलं, हे लपवत नाही. तो दोन घोट प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आज तू? गाडी सुटून राहिली का माझी?"

"दादा," मी म्हणालो, "त्या खाणीत खोकत होता तो तू होतास. मी या खिडकीत टेप घेऊन उभा होतो. तू पाणी मागितलंस, दोनदा, आणि मी दिलं नाही. मला तुझी किळस येत होती. माझं चुकलं, दादा. मला माफ कर."