स्थळप्रतीत नसलेली ओळ

गेल्या अंकात याच सदरात 'टूनगॅबीच्या आजोबांची दिव्यदृष्टी' या मथळ्याखाली जी हकीकत प्रसिद्ध झाली, ते आजोबा म्हणजे मी. लिहिणाऱ्या गृहस्थांनी मला एकदाही काही विचारले नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत जे कानावर पडले, ते त्यांनी लिहून काढले. त्यात हिमकडा कोसळवला, माझ्या स्वप्नात देवी आणली आणि मला रात्री दोन वाजता स्वित्झर्लंडला फोन करायला लावला. जुलै महिन्यात त्या उंचीवर हिमकडा कोसळत नाही. देवी माझ्या स्वप्नात आजवर आलेली नाही. आणि फोन मी केला नव्हता — मला आला होता.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढून मी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. धरणांच्या साइटवर मुंजा दाखवायला, चकवा दाखवायला मला लोक हौसेने घेऊन जात. प्रत्येक ठिकाणी मला झाडच दिसले. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि हे सर्व झाल्यावरही तो बसलेला नाही. म्हणूनच जे घडले ते, जेवढे घडले तेवढेच, इथे नोंदवतो.

आमचे घर सिडनीत, टूनगॅबी स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर. मुलगी मेधा, जावई निखिल, नऊ वर्षांची नात ईरा, माझी पत्नी सुनंदा आणि मी. स्वित्झर्लंडला जायची इच्छा सुनंदाची. डोंगरातल्या एका लहान गावात आठवडाभर राहायचे आणि रोज झेपेल एवढेच चालायचे, एवढेच तिचे म्हणणे होते. मी जाणार नव्हतो. माझ्या हृदयात त्याच वर्षी स्टेंट घातला होता आणि डॉक्टरांनी इतक्यात उंचावर नको म्हणून सांगितले होते. परंतु जाता येत नाही म्हणून आखणीही करू नये, असे मला कोणी सांगितलेले नव्हते.

गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. नाव दिले की आपल्यातले चार जण तिथे जाऊन त्या जागेपुढे फोटो काढतील.

आखणी मी सहा आठवडे केली. लोक सांगतात, केबल कारने वर जा आणि चालत खाली या, सोपे पडते. ज्याचे गुडघे धड आहेत, त्याचा हा सल्ला. सुनंदाच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. गुडघ्याला चढ बाधत नाही, उतार बाधतो. म्हणून मी उलट केले — हलक्या चढाने चालत जायचे आणि उतरायला केबल कार. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसते, वेळ असतो, आणि तो वेळ तिथल्या लोकांच्या पायांचा असतो. मी त्याची दीडपट धरली. एका दिवसाला एक कागद, कागदावर तीन रकाने: वेळ, ठिकाण, शेरा. शेऱ्यात सावली कुठे, बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे.

आता महत्त्वाचा भाग. आमच्या खात्यात बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची स्थळप्रत ठेवावी लागे, म्हणजे कचेरीत राहणारी प्रत. ती सवय माझी सुटलेली नाही. चालायच्या पाच दिवसांचे पाचही कागद मी पुण्याहून आणलेला कार्बन लावून, निळ्या बॉलपेनने, एकाच दाबात लिहिले. नंतर रुजुवात घेतली: सुनंदाने मूळ प्रत मोठ्याने वाचली आणि मी स्थळप्रतीवर ओळ न् ओळ खूण केली. त्याच दुपारी मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी तिच्या हातात दिले. तिने ते आपल्या पर्समध्ये ठेवले. त्यानंतर मी त्या कागदांना हात लावलेला नाही.

तिसऱ्या दिवसाच्या चालीत एक दगडी हौद येतो. गुरांना पाणी पाजायचा. वेळ ११.१०. पुढे ओहोळावरचा लाकडी पूल, ११.२५. मध्ये कुठेही विराम नाही, कारण बाक पुलापलीकडे होता.

त्या दिवशी सिडनीत संध्याकाळचे साडेनऊ झाले होते, म्हणजे तिकडे दुपारचे दीड, तेव्हा मेधाचा फोन आला.

"बाबा, आम्ही सगळे ओके आहोत. आधी ते ऐका."

"बरं."

"पूल गेला. वरून दगड आणि चिखल आला, आणि पूल घेऊन गेला. आम्ही त्या हौदापाशी बसलो होतो, तिथून दिसलं. बाबा, तुम्ही तिथे वीस मिनिटं थांबायला का लिहिलं होतं?"

"कोणती वीस मिनिटं?"

"शेऱ्यात. 'येथे वीस मिनिटे थांबणे. घाई करू नये.'"

"असं मी लिहिलेलं नाही."

मग अगदी हळू, ज्या आवाजात ती ईराला ताप आल्यावर बोलते त्या आवाजात, म्हणाली, "बाबा... तुम्हाला आठवत नाहीये का?"

मी फोन ठेवून स्थळप्रत काढली. हौदासमोरचा शेऱ्याचा रकाना कोरा होता.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. हौदापाशी ते वेळेवर पोहोचले. सुनंदाने कागद वाचला आणि ती कठड्यावर बसली. निखिलला ते पटले नाही.

"आई, इथे बघायला काय आहे? गाईसुद्धा नाहीत."

"ह्यांनी लिहिलंय ना थांबा म्हणून. मग थांबायचं."

"अहो, पण ते तिकडे टूनगॅबीत बसलेत. आपण इथे आहोत."

"म्हणूनच. तुला दशमी देऊ का?"

त्याने दशमी घेतली. चौदा मिनिटांनी घळीतून आवाज आला. निखिलने काढलेल्या पहिल्या फोटोवर ११.२६ ही वेळ आहे, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे आवाज थांबल्यावर त्याला फोन बाहेर काढायला दोनेक मिनिटे लागली. माझ्या कागदाप्रमाणे आणि सुनंदाच्या चालीने ते चौघे त्या सुमारास पुलावर असते. अख्खा डोंगर वगैरे कोसळला नाही. घळीची रुंदी दोन बसगाड्यांएवढी होती. माणसे जायला तेवढी पुरते.

आणि मी त्या वेळी काय करत होतो? मुगाची खिचडी खात होतो. छातीत धस्स झाले नाही, दिवा फडफडला नाही, कोणी नावाने हाक मारली नाही. खिचडीत मीठ कमी होते, एवढे आठवते.

ते परत आल्यावर आम्ही दोन्ही प्रती जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मूळ प्रतीत ती ओळ होती. शाई निळी. अक्षर माझे — हे मी नाकारत नाही. माझी अक्षरे उजवीकडे कलतात, ती तशीच कललेली होती. दुसऱ्या कोणाचे अक्षर असते, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

निखिलची मांडणी सोपी होती. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला सोपी मांडणी आवडते.

"बाबा, सिंपल आहे. रुजुवात झाल्यावर तुमच्या मनात आलं, तुम्ही ओरिजिनलवर लिहिलंत, कॉपीवर करायचं राहिलं."

"मी नंतर विराम घातला असता, तर पुढच्या वेळाही बदलल्या असत्या. पूल ११.४५ झाला असता. इथे ११.२५ आहे. वीस मिनिटे लिहायची आणि बेरजेत धरायची नाहीत, असा कागद माझ्या हातून चौतीस वर्षांत गेला नाही."

"विसरला असाल."

"बेरीज?"

"सगळंच," तो म्हणाला, आणि लगेच त्याने खाली पाहिले. मुलगा वाईट नाही.

सुनंदाला मी विचारले की, रुजुवातीच्या वेळी तिने ती ओळ वाचली होती का. ती म्हणाली, "वाचल्याचं आठवत नाही. पण मला आठवत नाही, म्हणजे ती नव्हती, असं कसं म्हणू? तुम्हीच लिहिलंत. लिहिलंत म्हणून बरं झालं. आता चहा घ्या."

निखिलने मग आणखी एक शक्यता काढली, की आईंनीच बसायला मिळावे म्हणून ती ओळ घातली असेल. सुनंदा दोन दिवस त्याच्याशी बोलायची सर्व वाक्ये मेधामार्फत बोलली. तिला बसायचे असते तेव्हा ती बसते, त्यासाठी तिला माझे अक्षर काढावे लागत नाही.

मंडळात मात्र ही गोष्ट पोहोचली ती दिव्यदृष्टी होऊनच. लोक पाया पडू लागले. एका बाईंनी मुलीची पत्रिका आणली. मी 'हो, मला जाणवले होते' म्हटले असते, तर सर्वांची सोय झाली असती, माझीही. कारण घरात दुसरेच सुरू झाले होते. मला गॅस एकट्याने लावू नका म्हणून सांगण्यात आले. ईराला शाळेतून आणायचे माझे काम, चार वर्षे एकही दिवस न चुकता केलेले, 'थोडे दिवस' शेजारच्या मुलीकडे गेले. ईराने पहिल्याच दिवशी दारात मला विचारले, "आजोबा, डिड यू फर्गेट, ऑर आर यू फिबिंग?"

"विसरलोही नाही आणि थापही मारत नाही," मी म्हणालो.

"देअर इज नो थर्ड वन," ती म्हणाली आणि बूट काढून आत गेली.

तिचे तर्कशास्त्र बरोबर होते. ती ओळ मी लिहिली असेल, तर माझे डोके आता भरवशाचे राहिलेले नाही. लिहिली नसेल, तर मग माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नाही. मेधाने वेस्टमीडच्या रुग्णालयात स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली. मी नकार दिला नाही. स्थळप्रतीवर विश्वास ठेवणाऱ्याने तपासणीला नाही म्हणू नये.

तपासणी सकाळी दहाला झाली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाच शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. दोनपर्यंत पोहोचल्यावर मी विचारले, पुढे ऋण संख्या चालतील का. त्या हसल्या. नंतर स्कॅनही पाहिले. शेवटी मेधाला आत बोलावून म्हणाल्या, "नो वरीज अॅट ऑल. ही इज शार्पर दॅन मी." मी दोन्ही प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या पाहिल्या, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि हा माझा विषय नाही म्हणून परत दिल्या. प्रामाणिक उत्तर होते. या प्रकरणात मला मिळालेले पहिलेच.

बाहेर आल्यावर मेधाचे डोळे भरले. "सॉरी, बाबा. सोमवारपासून ईराला तुम्हीच आणा." मी बरे म्हणालो. मला आनंद झाला होता, आणि तो मी लपवला, हेही नोंदवतो.

मेधा पार्किंगच्या मशीनपाशी गेली. सुनंदा आणि मी गाडीत बसलो होतो. इतके दिवस या सगळ्यात सर्वांत निवांत तीच होती. चहा कर, कपडे वाळत घाल, मंडळातल्या बायकांना हसून वाटेला लाव. आता मात्र ती पर्स मांडीवर घट्ट धरून समोरच्या काँक्रीटच्या खांबाकडे पाहत होती.

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात," ती म्हणाली.

"नाही."

"आणि लिहिलंही नव्हतंत."

"पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."

"तुम्ही सांगत होतात. मला वाटायचं, विसरलात. वय झालं, विसरलात, त्यात काय एवढं." "अहो, मी तिथे बसले ती तुमचं अक्षर बघून. मुलांना बसवलं, ईराला बसवलं. तुमचं नव्हतं, तर मग मी कोणाचं ऐकलं?"

खात्यात असताना वरिष्ठांनी कितीही आडवे प्रश्न विचारले, तरी 'माहीत नाही' असे उत्तर मी कधी दिले नाही. पाहून सांगतो, तपासून कळवतो, असे म्हणायचो, आणि कळवायचोही. इथे पाहून झाले होते, तपासून झाले होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि सीटबेल्ट लावला. त्या गोष्टीला आता वर्ष होत आले, आणि तिच्या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी जेवढे उत्तर होते, तेवढेच आजही आहे.