मानेवरचा बर्फ

मुलुंडच्या मासळी बाजारात मी खोटी चक्कर येऊन पडले. प्रयोग आमच्या मानसशास्त्राच्या सरांचा. अनोळखी माणसाच्या मदतीला कोण धावतं, ते माझा वर्गमित्र कोपऱ्यात उभा राहून वहीत टिपत होता.

धावली ती एक मासेवाली. पापलेटांवरचा बर्फ मुठीत घेऊन तिने माझ्या मानेला लावला, पदराने वारा घातला. "डोळे उघड गं बाय," म्हणताना तिचा आवाज कापत होता.

मी उठून खरं सांगितलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. फसवून झाल्यावर घेतलेल्या सहीला आमच्याकडे संमती म्हणतात.

तिने ओले हात लुगड्याला पुसले, पण कागदाला बोट लावलं नाही. "आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस ना?"

सरांना हे चिडून सांगितलं, तर म्हणाले, "डेटा झकास आलाय."

पुढच्या आठवड्यात मी तिची माफी मागायला गेले, तेव्हा तिच्यासमोरच एक म्हातारे गृहस्थ कोसळले. खरोखरचे. ती बर्फ मुठीत घेऊन उठली, आणि वही घेऊन कोण उभं आहे, ते आधी शोधू लागली.