फरकाचा रकाना

आमच्या मोजणी कचेरीतले एक भूकरमापक शेतात पोचले की आधी चपला काढतात. उपग्रहावर चालणारं यंत्र लावण्याआधी बांधावर अनवाणी फिरून हद्दीचा जुना दगड शोधतात. "काय हाय का" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नाही.

गेल्या हिवाळ्यात मोजणीच्या नव्या नियमांचा आढावा घ्यायला विधिमंडळाची समिती जिल्ह्यात आली. अध्यक्षांनी विचारलं, "नियम राबवताना काही अडचण?"

आमचे साहेब म्हणाले, "काहीच नाही."

मागच्या रांगेतून भूकरमापक उठले. "काय हाय का साहेब, यंत्राची हद्द आन् जुन्या नकाशाची हद्द कधी कधी जुळत न्हाय. तो फरक लिहायला अहवालात रकानाच न्हाय. मी गप सही करतो, आन् शेजारी-शेजारी कोर्टात जातात."

"लेखी द्याल?"

"आणलंय," म्हणत त्यांनी खिशातून अर्ज काढला.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "बदली करीन तुमची."

"करा. तिथंबी हेच लिहीन."

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा अणदूरच्या एका शेताचा भूकरमापकांचा अहवाल टाईप करायला माझ्याकडं आला. 'फरक दीड हात' असं त्यांनी समासात पेनानं लिहून खाली सही केली होती.

साहेब म्हणाले, "समासातलं सोडून द्या."

इतक्या वर्षांत मी साहेबांना कधी उलट बोलले नव्हते. "समासातलं पहिल्या ओळीत घेते," मी म्हटलं आणि टाईप करायला लागले.