मालकीण सहलीला गेली आहे

आमच्या मालनवहिनीचं डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र आहे. दुकान बंद ठेवायची वेळ आली की शटरवर ठरलेली पाटी लागते, 'घरगुती कारणास्तव बंद राहील.' तिचे सासरे, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा तीच, मुलाच्या, सुश्रुतच्या, लग्नालाही तीच. या जानेवारीत मात्र वहिनीनं नवा पुठ्ठा घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'शनिवार ते सोमवार केंद्र बंद. मालकीण सहलीला गेली आहे.'

दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा सख्खा मोठा भाऊ प्रभाकर, म्हणाला, "अगं, असं लिहितं का कोणी? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणू देत. खरं तेच लिहिलंय," वहिनी म्हणाली आणि पाटी चिकटवून मोकळी झाली.

मी सरोज. ठाण्याला नौपाड्यात एकटी राहते. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, आता रिटायर झालेय. मी तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय, तोंड आहे, बोलतात. पण आज जे सांगणार आहे त्यात माझीच बाजू लंगडी आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

दादा कोलशेतला रंगाच्या कंपनीत होता. अठ्ठ्याण्णव साली कंपनीला टाळं लागलं. सुश्रुत तेव्हा तिसरीत. दादा तीन महिने गॅलरीत बसून एकच पेपर सकाळी वाचायचा आणि तोच संध्याकाळी वाचायचा. वहिनीनं कोणाला काही विचारलं नाही, रडली-भेकली नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये बँकेतली चार मुलं भाड्यानं राहायची. त्यांच्या दारात जाऊन तिनं सांगितलं, "उद्यापासून पोळ्या माझ्याकडून घ्यायच्या." विचारलं नाही हं, सांगितलं. चाराचे चाळीस झाले, घरातला ओटा पुरेना, मग गाळा घेतला. आज हाताखाली चार बायका आहेत, तरी पहाटे साडेचारला पोळपाटाशी उभी राहते ती वहिनीच. उजव्या हाताचा अंगठा सकाळी वळतच नाही. कोमट पाण्यात धरून आधी तो सैल करते, मग कणकेला हात घालते.

आता सहलींचं ऐका. आम्ही कुठेही गेलो तरी खोली घ्यायची ती स्वयंपाकघरासकट. का? तर दादाला बाहेरचं बाधतं आणि मला बाहेरचं तेल चालत नाही. गणपतीपुळ्याला आम्ही तीन दिवस होतो. आम्ही समुद्रावरून यायचो ते ओरडतच, "वहिनी, पानं घे गं, भूक लागलीय!" आणि पानं तयार असायची. मला तेव्हा ते फार छान वाटायचं. मेली लाजसुद्धा वाटली नाही.

म्हणून यंदा सुश्रुत आणि त्याची बायको देवयानी यांनी मुरबाडकडच्या एका रिसॉर्टचं पॅकेज काढलं, तेव्हा वहिनीनं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना गप्प केलं. "येते मी. पण माझ्या दोन अटी आहेत. एक, तीन दिवस मी पिठाला हात लावणार नाही. दुसरी, एकदा तरी मी बसलेली असताना माझ्या ताटात गरम भाकरी पडली पाहिजे. तव्यावरून थेट. दुसऱ्या कोणीतरी केलेली."

आम्ही हसलो. दादा तर मोठ्यानं हसला.

"हसताय काय? मी मस्करी करत नाहीये," ती म्हणाली.

"आई, तुम्ही निश्चिंत राहा. तिथे चुलीवरचं जेवण आहे, मी ते बघूनच बुक केलंय," देवयानी म्हणाली. पोरगी गुणाची आहे.

रिसॉर्टचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? परवडण्यातलं होतं, चार मध्यमवर्गीय घरं दोन दिवस हौस भागवतील असं. थीम काय, तर गाव! शिरताना पुरुषांना गांधी टोपी घातली, आम्हाला गजरे दिले. बैलगाडी होती, तिला मोटारीची चाकं. भिंती शेणानं सारवलेल्या दिसायच्या, पण हात लावला तर ऑइलपेंट. झोपडीत एसी, झोपडीत टीव्ही, झोपडीत गरम पाण्याचा गिझर. अंगणात एक मांडव, मांडवात चूल, आणि शेजारी बोर्ड, 'चूल-अनुभव! स्वतः भाकरी थापा, आठवण घेऊन जा!'

तो बोर्ड वाचून वहिनी जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, थाप ना एक. सुश्रुत फोटो काढेल," दादा म्हणाला.

"अंगठा दुखतो माझा. आणि अट विसरलात?"

"एका भाकरीनं काय होतंय?"

"एका भाकरीपासूनच सुरू होतं सगळं. तुम्ही बघितलंय," वहिनी म्हणाली आणि झोपाळ्यावर जाऊन बसली.

खोटं कशाला सांगू, शनिवार-रविवार मजा आली. वहिनी बैलगाडीत दोनदा बसली. रविवारी सकाळी साडेआठपर्यंत झोपली आणि उठल्यावर स्वतःच घाबरली, कुकर लावायचा राहिला म्हणून! पण भाकरीचं काही जमेना. शनिवारी दुपारी पोचायला उशीर झाला, भाकऱ्या डब्यातल्या, गार, चामट. संध्याकाळी पावभाजी. रविवारी दोन्ही वेळा छोले आणि ते लालभडक चायनीज. गावाच्या थीममध्ये चायनीज कुठून आलं, हे मी मॅनेजरला विचारलंसुद्धा. कमलेश त्याचं नाव. तो म्हणाला, "मॅडम, मुलं मागतात. चुलीवरचं जेवण सोमवारी दुपारी, निघताना. पॅकेजात लिहिलंय बघा."

म्हणजे आता सगळी भिस्त सोमवारच्या दुपारवर.

सोमवारी सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं आणि वहिनी आंघोळ करून, नवी साडी नेसून साडेबारालाच मांडवात जाऊन बसली. पाटावर, भिंतीला टेकून. समोर पितळी ताट. सुनेला म्हणाली, "देवयानी, लोणी मिळेल का गं विचार. गरम भाकरीवर लोणी घालीन थोडं." इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

एक वाजला, मांडव भरला. पंचवीस-तीस माणसं असतील. पिठलं आलं, वांग्याची भाजी आली, ठेचा आला, लोणीही आलं. चूल मात्र थंड. शेवटी कमलेश हात जोडून पुढे आला. "मंडळी, सॉरी हं. भाकरीवाल्या मावश्या आल्या नाहीत. काल पाड्यावर हळद होती, आज लग्न आहे. आमच्या आचाऱ्यांना भाकरी येत नाही. आज भातावर भागवून घ्या."

पाड्यावर हळद म्हटल्यावर संपलंच. आपल्या ठाणे जिल्ह्यात हळदीच्या रात्रभरच्या नाचगाण्यापुढे काही चालत नाही, आणि चालू नये. पण मांडवात कुरकुर सुरू झाली. मी वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

आणि तेवढ्यात आमचा दादा उठला. उठला तो छाती काढून. "अहो, काळजी कशाला करता! आमच्या मिसेसचं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र आहे. तासाभरात तुम्हा सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या भाकऱ्या टाकेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! सगळ्या माना वहिनीकडे वळल्या. कमलेश धावतच आला. "काकू, प्लीज. पीठ आहे, परात आहे, सरपण आहे. तुमचे उपकार होतील."

वहिनीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "नाही."

दादाला वाटलं, लाजतेय. "अगं, ऊठ. तुला काय कठीण आहे?"

"कठीण काहीच नाही. मी करणार नाही."

"लोक बघतायत, मालन."

"बघू देत."

आणि आता माझं ऐका. एवढं सगळं समजून-उमजून मी काय बोलावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, जा ना गं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे." भूक लागली होती मला. दुसरं कारण नाही.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं बघती तर बरं झालं असतं. "वन्सं," ती म्हणाली, लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला वन्संच म्हणते, "सत्तावीस वर्षं मी लोकांच्या ताटात गरम पोळी वाढतेय. माझ्या ताटात शेवटची गरम पोळी माझ्या आईनं वाढली. तिला जाऊन एकतीस वर्षं झाली."

मागून कुणीतरी बाई पुटपुटली, "एवढा कसला मेला भाव खायचा!" देवयानी ताडकन उठायला गेली, वहिनीनं तिचा हात धरून खाली बसवलं. वहिनीचे डोळे भरले होते, पण बाई जागची हलली नाही. मला माझीच इतकी शरम वाटली, काय सांगू.

मी उठले. पदर खोचला आणि चुलीपाशी गेले. कमलेशनं धावत येऊन चूल पेटवून दिली.

आता मला भाकरी कुठली यायला? आई होती तोवर आई करायची, आणि आई गेल्यावर दर रविवारी डोंबिवलीहून पोळ्यांचा डबा यायचा, वहिनीच्या हातचा. साठ वर्षांची घोडी मी, पण परातीत पीठ घेऊन भांबावून उभी राहिले. तांदळाचं पीठ, त्यात उकळतं पाणी, एवढं ऐकून माहीत. हात पोळला. पहिली थापली ती उचलतानाच तिचे तीन तुकडे. दुसरी तव्यावर गेली आणि तिथेच चिकटली.

"वहिनी, पाणी किती घालू गं?" मी ओरडले.

"मला माहीत नाही!" वहिनी तिथूनच म्हणाली. तिला माहीत नाही! सगळा मांडव हसला, मीही हसले. पण तिच्याकडे बघितलं तर तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते. मी चुकतेय ते तिला लांबून दिसत होतं, आणि न सांगता बसणं तिला भाकऱ्या करण्याहून जड जात होतं. बसली मात्र.

तिसरी करपली. चूल धूर ओकायला लागली. इतक्यात कुणीतरी शेजारी येऊन उकिडवं बसलं आणि फुंकणी घेतली. दादा. डोक्यावर अजून ती गांधी टोपी. फुंकत राहिला. डोळ्यांतून घळघळ पाणी. धुराचं असेल.

"सरू, मगाशी मी उगाच उठलो," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"मला कशाला सांगतोस? तिला सांग."

चौथी भाकरी जमली. गोल नव्हती, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, पण अखंड होती आणि मधे थोडी फुगलीसुद्धा. मी उलथन्यानं उचलणार, तोच दादानं ती हातानं उचलली. बोटं भाजली असतील, हा हू करत, या हातातून त्या हातात झेलत तो मांडव ओलांडून गेला. माझ्या भावानं आयुष्यात कोणाला पाण्याचा पेला वाढलेला मी पाहिला नव्हता. तो वहिनीसमोर वाकला आणि त्यानं भाकरी तिच्या ताटात टाकली.

"सावकाश. गरम आहे," तो म्हणाला.

वहिनी नुसती बघत बसली. भाकरीतून वाफ निघत होती. सुश्रुतनं फोन काढला, देवयानीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. वहिनीनं लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवला, तो वितळेपर्यंत थांबली. मग तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. चावता चावता गालांवरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलंही नाही.

मी चुलीपाशी जीव मुठीत धरून उभी. लोकांची जेवणं भातावर सुरू झाली होती, पण निम्मे डोळे तिच्याकडेच होते.

"कशी झालीय गं?" शेवटी मला राहवेना.

वहिनीनं दुसरा तुकडा मोडला, उजेडाकडे धरून नीट पाहिला. "मधे कच्ची आहे. मीठही नाही," ती म्हणाली. मग ताट पुढे सरकवलं.

"अजून एक आणा."