यांच्यातल्या बायका काटक असतात

ओला टॉवेल फाडकन माझ्या तोंडावर बसला.

"डोळे फुटले का तुझे?" मॅनेजर ओरडला. टॉवेलच्या कोपऱ्यात चहाचा डाग राहिला होता. समोर हिरवळीवर मुंबईचे वीसेक पाहुणे चटयांवर मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. त्यातल्या एकीने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटून घेतला.

दिवेआगरच्या एका रिसॉर्टमध्ये मी खोल्या साफ करते. हंगामात सुट्टी नाही. तीन आठवडे मी घरी फक्त झोपायला जात होते आणि झोप येत नव्हती.

हे पाहुणे एका कंपनीचे. कामाच्या ताणाने माणसं पार संपून जाऊ नयेत म्हणून कंपनीने त्यांना समुद्रावर आणलेलं. शिकवणाऱ्या मॅडम सकाळपासून फळ्यावर 'बर्नआऊट' लिहून त्याची लक्षणं लिहीत होत्या. मी मागे पाणी भरत ऐकत होते. झोप उडते. साध्या गोष्टी विसरतात. छाती धडधडते. बाहेरचा राग घरच्यांवर निघतो.

पाणी सांडलं माझ्या हातून. माझंच सांगत होती ती बाई. साफ केलेली खोली मी पुन्हा साफ करायचे. रिकामं भांडं गॅसवर ठेवून विसरायचे. आणि माझी पोर. आठ वर्षांची. वेणी घालून दे म्हणाली म्हणून तिला उलथण्याने मारलं मी. वळ उठेपर्यंत. तेव्हापासून मी घरी यायच्या आधी ती उलथणं लपवते. मीच वाईट आई, असं वाटायचं. स्वतःची किळस यायची.

म्हणून टॉवेल तोंडावरून काढला आणि बोललेच. "सायेब, मला येक दिवस सुट्टी पायजे. त्या मॅडम सांगतात ना, ते समदं मला व्हतंय."

तो खदाखदा हसला. "मॅडम, ऐकलंत? हिलापण बर्नआऊट झालंय!"

आता सगळ्यांचे डोळे उघडले. मॅडम गोड हसल्या. "ताई, तुम्ही तर समुद्राकाठी राहता. तुम्हाला कसला स्ट्रेस?"

"यांना काही होत नाही," मॅनेजर म्हणाला. "यांच्यातल्या बायका काटक असतात."

यांच्यातल्या. माझं आडनाव त्याने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. माझ्या आईलाही बागवाले काटकच म्हणायचे. काटक म्हणत तिच्या डोक्यावर नारळाची ओझी दिली, नववा महिना लागला तरी. कौतुक करायचं आणि मरेस्तोवर राबवायचं.

डोकं फिरलं माझं. चटईजवळचा काचेचा जग उचलला आणि मॅनेजरच्या पायाशी आपटला. काचा उडाल्या, माझ्याच पायातून रक्त आलं. तो दोन्ही हात तोंडापुढे धरून मागे सरला. माझी पोर अगदी असेच हात धरते. तेव्हा लख्ख कळलं, इतके दिवस मी भलत्यालाच मारत होते.

"मी काटक न्हाय!" मी किंचाळले. "मी दमलेय. तुमच्यापायी पोरीला मारलंय मी. मॅडम, लिवा हे बी फळ्यावर!"

कुणी लिहिलं नाही.

भर हंगाम म्हणून त्याने मला काढलं नाही. मीही काम सोडलेलं नाही. सोडलं तर तो दुसरीला आणून जुंपेल. दुसऱ्या दिवशी खोल्या साफ करणाऱ्या आम्ही सहाजणींनी मिळून त्याला सांगितलं, आठवड्याला एक सुट्टी, पाळीपाळीने. विचार करतो म्हणाला. बसू दे विचार करत.

पोरीची माफी मागितली नाही. माफी मागून पुन्हा मारणारी माणसं जन्मभर पाहिलीत मी. तिला एवढंच सांगितलं, "मी पुन्ना हात उचलला तर आख्खा गाव गोळा व्हईल असं बोंबल."

पहिली सुट्टी माझी; येत्या गुरुवारी मी कामावर जाणार नाही. काढून टाकलं तर आम्ही सहाहीजणी गेटवर बसू. राग काही जात नाही माझा, जायलाही नको. पण तो आता घरी नेणार नाही. ज्याचा आहे त्याला तिथल्या तिथे देईन.